मुलांना खेळ जोडू द्या: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि शाळा सुधारणा समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. दर पंधरवड्याला खेळाचा एक तास मुलांना मोकळा द्या. त्या तासात त्यांनी येत असलेले दोन खेळ घ्यावेत, एकमेकांत गुंफावेत आणि त्यातून तिसरा, आजवर कुणी न खेळलेला खेळ उभा करावा. नियम त्यांचे त्यांनी करायचे. नियम फसले की दुरुस्तही त्यांनीच करायचे. आणि वर्षाच्या शेवटी शाळेच्या क्रीडा स्पर्धांत एक वेळ अशी ठेवावी, की एका शाळेच्या मुलांनी केलेला खेळ दुसऱ्या शाळेची मुलं खेळून बघतील.

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत शिकले, शाळेच्या संघातून खो-खो खेळले आणि आता वडगावात राहते. आमच्या गल्लीत अजून काही घरांत माग चालतात. संध्याकाळी रस्त्यावर जी पोरं जमतात त्यांतली काही मराठी शाळेत जातात, काही कन्नड, काही इंग्लिश मीडियमला. खेळताना ती कुठल्या भाषेत भांडतात हे बघायला कुणालाही सवड नसते, त्यांना तर मुळीच नसते. या मुलांना मी लगोरी आणि कबड्डी एकत्र करताना पाहिलं, आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात आहे.

त्यांचा खेळ असा. मध्ये रेषा, दोन्ही बाजूंना सात-सात गडी. प्रत्येक संघाच्या मैदानात मागच्या बाजूला एक वर्तुळ आणि त्यात सात खापऱ्या पसरलेल्या. चढाई करणाऱ्यानं दम घुमवत समोरच्या मैदानात शिरायचं, वर्तुळ गाठायचं, एका खापरीवर दुसरी ठेवायची आणि दम तुटायच्या आत परत यायचं. पकडला गेला तर तो बाद आणि रचलेल्यातली वरची खापरी खाली. सात खापऱ्यांची लगोरी ज्याची आधी पुरी होईल तो संघ जिंकला. चेंडू लागतच नाही. नाव त्यांनी ठेवलं लगोड्डी.

पहिल्याच संध्याकाळी खेळ अडला. बचाव करणारे सगळेच्या सगळे वर्तुळात जाऊन उभे राहिले. खापरीला हात लावायला जागाच उरेना. आरडाओरडा झाला, दोघं रुसून कट्ट्यावर जाऊन बसले. मग ठरलं की वर्तुळात बचाव करणाऱ्यांनी पाऊल टाकायचं नाही. लगेच दुसरी अडचण आली. चढाई करणारा वर्तुळात पोचला की निवांत, तिथं त्याला कोण पकडणार? एकानं तिथंच बसून एका दमात तीन खापऱ्या रचल्या. "असं कसं? एका दमाला एकच की!" असं कुणीतरी ओरडलं आणि तो नियम झाला. मोठ्यांपैकी कुणी काही सुचवलं नाही. एक अडचण, एक वाद, एक नियम, असं करत खेळ बसत गेला.

सगळ्यात चांगली गोष्ट पुढे घडली. त्या घोळक्यात तिसरीतली एक मुलगी होती. तिचा दम वर्तुळापर्यंतच पुरायचा, परत यायला उरायचा नाही. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे तिला कच्चा लिंबू करायचं: ती खेळणार, पण बाद होणार नाही आणि तिच्या खेळण्याला मोलही नसणार. ती कच्चा लिंबू व्हायला तयार नव्हती. मग कुणाच्या तरी डोक्यातून जोडीची चढाई निघाली. दोघांनी आत जायचं. एक दम घुमवेल, दुसरा गप्प. गप्प असलेल्याला पकडता येणार नाही आणि त्यालाही खापरीला हात लावता येणार नाही. पहिल्याचा दम संपत आला की त्यानं जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचं, आणि तिथून दुसऱ्याचा दम सुरू. म्हणजे दोन खेळांच्या गुंफणीत तिसरा खेळ शिरला, आणि तो एका लहान मुलीला खेळात धरून ठेवण्यासाठी शिरला. संघ पाडून, शिट्टी वाजवून घेतलेल्या तासाला यातलं किती साधतं, याचा आपण मनाशी विचार करावा.

काही गुरुजी म्हणतील की ही पोरांची गंमत झाली, खरे खेळ वेगळे असतात. पण आज ज्यांना आपण खरे खेळ म्हणतो, त्यांतले कितीतरी असेच जोडून झालेले आहेत.

बास्केटबॉल घ्या. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचा एक शिक्षक होता. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानी खेळ बंद, आणि बंद खोलीतल्या कवायतीला कंटाळलेला अठरा जणांचा दांडगा वर्ग. आत खेळता येईल असा खेळ शोधायला वरिष्ठांनी त्याला चौदा दिवस दिले. आधी त्यानं बाहेरचेच खेळ आत आणून बघितले, त्यांत ढकलाढकली आणि दुखापती होणार हे उघड दिसलं. मग तो प्रत्येक खेळ सोडवून त्याचे भाग बघू लागला. धसमुसळेपणा कशामुळे होतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावं लागतं म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. चेंडू जोरात का मारतात? गोल समोर, उभा असतो म्हणून. तर मग गोल डोक्याच्या वर आणि आडवा ठेवायचा, म्हणजे जोराचा उपयोग नाही, अलगद कमान करूनच टाकावा लागेल.

ही कमानीची युक्ती त्याला कुठून सुचली, ते आपल्या मुलांना जरूर सांगा. नेस्मिथ कॅनडातल्या आल्मोंट गावाजवळ वाढला. तिथं मुलं एका मोठ्या दगडावर लहान दगड ठेवत आणि लांबून दगड मारून तो पाडत. मारलेला दगड परत आणताना राखणदारानं शिवलं की राज्य आपल्यावर. सरळ, जोरात मारलेला दगड लांब जाऊन पडे आणि तो आणण्यात मारणारा सापडे. हळू, उंचावरून टाकलेला दगड जवळच पडे. आपल्या लगोरीशी किती जवळचा खेळ आहे हा! गल्लीतल्या त्या दगडाच्या खेळातली एक अक्कल घेऊन, इतर खेळांतलं चेंडू एकमेकांना देणं घेऊन, त्यानं तेरा नियम लिहिले. डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ जणांनी तो खेळ पहिल्यांदा खेळला, फुटबॉलच्या चेंडूनं आणि पीच फळांच्या टोपल्यांत. चेंडू आपटत पळणं त्या नियमांत नव्हतंच. ती वाट पुढे खेळणाऱ्यांनी काढली.

चारच वर्षांनी, १८९५ साली, जवळच्याच होल्योक गावी विल्यम मॉर्गननं पाहिलं की मध्यमवयीन माणसांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही. त्यानं टेनिसचं जाळं साडेसहा फुटांवर बांधलं, चेंडू हातानं मारायला लावला, कुणी कुणाच्या अंगावर जाण्याचा प्रश्नच ठेवला नाही. तो व्हॉलीबॉल आज आपल्या गावागावांत खेळला जातो. १९६५ च्या उन्हाळ्यात सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर दोन कुटुंबांतली मुलं कंटाळली होती. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण साहित्य पुरतं नव्हतं. मग टेबल टेनिसच्या बॅटी, भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू आणि खाली उतरवलेलं जाळं यांतून पिकलबॉल झाला, आणि आता आपल्या देशातल्या शहरांतही त्याची कोर्टं आहेत.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. कुणीही उगाचच 'चला, एक नवा खेळ काढू' म्हणून बसलेलं नव्हतं. प्रत्येकापुढे एक अडचण होती: पाऊस-थंडी, जागा अपुरी, माणसं दमणारी, साहित्य नसलेलं. आणि अडचणींचं म्हणाल तर आपल्या शाळांकडे त्या भरपूर आहेत.

कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांना पावसाळ्यात मैदान असून नसल्यासारखं असतं. जूनपासून जो धरतो तो महिनोन्महिने सुटत नाही, आणि लाल मातीत पाय रुतत असताना खो-खो कुठला? त्या भागातल्या कितीतरी शाळांचा पट इतका लहान आहे की एका वयाची नऊ मुलं मिळणं मुश्कील. पहिली ते सातवीची सगळी मिळून दोन संघ करावे लागतात. तिकडे निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पळताना पाय मुरगळतो. शहरातल्या शाळांना अंगण आहे, मैदान नाही. कित्येक शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षकच नाहीत, गणिताच्या बाईच खेळाचा तास घेतात. पुस्तकातले खेळ यांतल्या कुठल्याच शाळेसाठी बेतलेले नाहीत. आपल्या जागेला, आपल्या पटाला, आपल्या पावसाला बेतलेला खेळ त्या शाळेतली मुलंच करू शकतात.

पावसाळी दिवसासाठी एक उदाहरण देते. चौकाबारा आपल्या भागात मराठी घरांतही खेळतात, कन्नड घरांतही. पाच बाय पाचची पंचवीस घरं, फुलीची घरं सुरक्षित, चार कवड्या किंवा एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके. हाच पट शाळेच्या व्हरांड्यात खडूनं मोठा काढा आणि सोंगट्यांच्या जागी मुलं उभी करा. दान पडेल तेवढी घरं पुढे. आता एका घरात दुसरी सोंगटी आली की पहिली मरते, हा मूळ नियम. इथं दुसरा खेळ जोडता येतो: मारायला आलेला आणि घरातला, दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहायचं, ज्याची पापणी आधी लवेल तो परत आपल्या घरी. कोरड्या दिवशी मैदानात हाच पट काढला तर तिथं कोंबड्यांची झुंज ठेवा, हाताची घडी घालून एका पायावर. ओल्या फरशीवर मात्र लंगडी नको, मुलं घसरतील.

हा खेळ मला फार आवडतो, कारण त्यात न पळू शकणाऱ्या मुलाला खरी जागा आहे. पायानं अधू असलेलं मूल आपल्याकडे खेळाच्या तासाला बहुतेक वेळा दप्तरं सांभाळत बसतं. या पटावर तो संघाचा दान टाकणारा होऊ शकतो, कुणाला पुढे न्यायचं आणि कुणाला फुलीच्या घरात थांबवायचं हे तो ठरवू शकतो, आणि त्याच्या डोक्यावर सगळा संघ चालतो. वाघ-शेळीचंही तसंच करता येईल. तीन वाघ, पंधरा शेळ्या आणि जमिनीवर मोठा काढलेला त्रिकोणी पट. वर्गात अठरा मुलं असली की कुणी बाहेर उरतच नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. लेले मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोवर सुट्टीच्या सकाळी जाऊन बघा, मैदानभर क्रिकेट आणि त्यात मुली शोधाव्या लागतात. क्रिकेटशी माझं भांडण नाही. पण क्रिकेटमध्ये बॅट कुणाची, बॉल कुणी आणला, जोरात कोण टाकतो, यावर सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. नव्या खेळात मुरलेला कुणीच नसतो. लगोड्डीच्या पहिल्या दिवशी गल्लीतला सगळ्यात तगडा मुलगा पहिल्या तीन चढायांत बाद झाला, कारण खापरी हळू ठेवायची असते आणि त्याला हळू काही करायची सवय नव्हती. १९०२ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या निको ब्रूकहौसेन या शिक्षकानं स्वीडनमध्ये पाहिलेल्या एका खेळावरून कोर्फबॉल तयार केला आणि त्यात मुलगे-मुली एकाच संघात ठेवले. आजही त्या संघात चार मुली आणि चार मुलगे असतात. शंभर वर्षांपूर्वी एका शाळामास्तराला जे जमलं, ते आपल्या शाळांना का जमू नये?

आता शंका. पहिली शंका परंपरेची. आपले मातीतले खेळ आधीच मागे पडत चाललेत, त्यात ही मोडतोड कशाला, असं मला एका ज्येष्ठ खेळाडूंनी विचारलं. त्यांच्या काळजीत तथ्य आहे, पण कबड्डीकडे पाहा. तिचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे वेगवेगळे प्रकार होते. संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होऊन आत येई. गामिनीत बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमरमध्ये बाद होऊनही गडी मैदानातच खेळत राही, समोरच्याला फक्त गुण मिळे. आजच्या कबड्डीत गडी जिवंत होण्याची रीत आहे ती संजीवनीतली. निवडानिवड करत, घासूनपुसून एक खेळ ठरला, म्हणून तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचला. खो-खोचेही नियम १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बसून नीट लिहावे लागले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. म्हणजे आपल्या मातीतले खेळही कुणीतरी हात लावल्यानंच इथवर आले. उलट, लगोड्डी खेळायला आधी लगोरी यावी लागते. आमच्या गल्लीतल्या दोन मुलांना ती येत नव्हती. लगोड्डीसाठी ती शिकली.

दुसरी शंका भांडणांची. हो, भांडणं होतात. पहिल्या दोन तासांत खेळ कमी आणि वाद जास्त होईल, याची तयारी ठेवा. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमध्ये मुलांना गोट्या खेळताना पाहून, त्यांच्याशी बोलून, १९३२ साली जे मांडलं ते इथं उपयोगी आहे. लहान मुलांना नियम म्हणजे वरून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. साधारण दहा-बारा वर्षांच्या सुमाराला त्यांच्या लक्षात येतं की नियम आपणच सगळ्यांच्या संमतीनं केलेले असतात आणि संमतीनं बदलता येतात. हे लक्षात येणं फार मोठं आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण हेच शिकवतो, पण तिथं मुलांच्या हातात बदलण्यासारखं काही नसतं. लगोड्डीत असतं. नियम वाईट केला तर त्याचा फटका पाच मिनिटांत स्वतःलाच बसतो.

तिसरी शंका वेळेची आणि खर्चाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि प्रत्येक वर्गासाठी खेळाचं साहित्य यांचा उल्लेख आहे, आणि ते मिळवण्यासाठी समित्यांनी जरूर भांडावं. पण या तासाला खापऱ्या, चिंचोके, खडू आणि दोरी एवढंच लागतं. वेळेसाठी महिन्यातला दप्तराविना शनिवार वापरता येईल.

काही गोष्टी मुलांबरोबर बसून माझ्या ध्यानात आल्या, त्या गुरुजींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते. दोन खेळ शेजारी ठेवणं आणि दोन खेळ जोडणं यांत फरक आहे. दहा मिनिटं लंगडी आणि दहा मिनिटं कॅरम खेळलं तर ते दोन खेळच राहतात. अर्थात शेजारी ठेवूनही कधी कधी काही घडतं. बुद्धिबळ आणि बॉक्सिंग आलटून पालटून खेळायचा एक प्रकार २००३ साली बर्लिनमध्ये सुरू झाला, त्यात ठोसे खाऊन दमलेल्या डोक्यानं चाल शोधावी लागते, म्हणून तो टिकला. एका खेळाचा परिणाम दुसऱ्यात उतरला पाहिजे, ही खूण धरावी.

जोडताना मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा: या खेळात हलायचं कसं, मिळवायचं काय, आणि बाद झालेला परत येतो कसा? मग एका खेळातलं हलणं आणि दुसऱ्यातलं मिळवणं घ्यायचं. कबड्डीचा दम आणि लगोरीची रचना जमली ती याच कारणानं. विषामृतातलं गोठून उभं राहणं आणि डब्बा ऐसपैसमधला डबा उडवून सगळ्यांना सोडवणं हेही छान जमतं. आमच्याकडे क्रिकेट आणि खो-खो जोडायचा प्रयत्न झाला, तो पार फसला. क्रिकेटमध्ये आधीच अर्धी मुलं आपली पाळी येण्याची वाट बघत असतात, त्यात खो-खोतल्या बसलेल्यांची भर पडली आणि सगळेच बसून राहिले. मुलांनी तो स्वतःच सोडून दिला. सोडून देणं हाही या तासाचा भाग आहे, तेव्हा प्रत्येक तासाला एक यशस्वी खेळ निघालाच पाहिजे असा हट्ट नको. आणि नियम वाढत चालले की एका नव्या मुलाला बोलावून एक डाव नुसता बघू द्यावा. बघून त्याला कळला तर खेळ ठीक, समजावून सांगत बसावं लागलं तर दोन नियम काढा.

मोठ्यांनी काय करायचं? पडल्याधडपडल्यावर धावायचं, धोक्याचं काही दिसलं तर थांबवायचं, बाकी गप्प राहायचं. हे अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याला नियम सुचतो आणि तो मुलांच्या नियमापेक्षा चांगला असतो, तरीही सांगायचा नाही. विचारलं तरच बोलायचं.

समित्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. या खेळांना चषक लावू नका. आपल्याकडे एखादी गोष्ट चांगली चालली की लगेच फलक, पाहुणे, प्रथम-द्वितीय-तृतीय क्रमांक सुरू होतात. क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा आहेत, कलागुणांसाठी प्रतिभा कारंजी स्पर्धा आहे, नंबर काढायच्या जागा मुलांना पुष्कळ आहेत. नंबर आला की शिक्षक नियम लिहून देऊ लागतील आणि मुलं पाठ करू लागतील. बक्षीस द्यायचंच असेल तर ते हे असावं, की शेजारच्या गावच्या शाळेनं तुमचा खेळ उचलला आणि आपल्या अंगणात खेळला. येळ्ळूरच्या मुलांचा खेळ उचगावला पोचला, नंदगडचा निपाणीला पोचला, आणि वाटेत त्याचे दोन नियम बदलले, तर त्या मुलांना केवढा आनंद होईल!

आणि शेवटची मागणी, जी माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची आहे. आपल्या कितीतरी गावांत मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर आहेत. दोन्हीकडची मुलं गल्लीत एकत्र खेळतात, शाळेची घंटा झाली की वेगळी होतात, आणि खेळाचा तासही वेगवेगळा घेतात. हा एक तास तरी एकत्र घ्या. एका बाजूला ज्या मुलीनं आजीकडून अळगुळी मणेतल्या खळग्यांत चिंचोके वाटायचं शिकलंय आणि दुसऱ्या बाजूला ज्या मुलानं सूरपारंब्या खेळल्यात, ते दोघं समोरासमोर बसले की जे निघेल ते महाराष्ट्रातल्या किंवा म्हैसूरकडच्या कुठल्याही शाळेत निघणार नाही. नियमांची वही दोन्ही भाषांत लिहा, मुलांच्याच अक्षरात. गेली कित्येक वर्षं सीमाभागाच्या नावानं मोठी माणसं जे बोलत आली आहेत, त्यात मी इथं पडत नाही. मुलांचा खेळ त्यातून मोकळा ठेवता येतो, आणि तो ठेवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

ज्या शाळेला सुरुवात करायची असेल तिथं मी आणि गल्लीतली ही मुलं खापऱ्या घेऊन यायला तयार आहोत. मुलांचा एक प्रश्नही सोबत पाठवते, कारण तो त्यांना इतर शाळांना विचारायचा आहे. जोडीच्या चढाईत पहिल्याला समोरच्यांनी धरलंय, पण त्यानं हात लांबवून जोडीदाराच्या पाठीला लावला आणि 'खो' म्हटलं. तो खो धरायचा की नाही? एक गट म्हणतो, कबड्डीत पकडीत असतानाही मध्यरेषेला हात लागला तर गडी वाचतो, मग इथं खो का चालू नये? दुसरा गट म्हणतो, खो-खोत पकड नसतेच, म्हणून पकड बसली की खोचा हक्क संपला. त्या तिसरीतल्या मुलीचं म्हणणं आहे की खो धरावा, पण एक खापरी उतरवावी. आपापल्या शाळेत एकदा खेळून बघा आणि मुलांनी काय ठरवलं ते कळवा.

आपली,
वडगाव, बेळगाव येथील एक पालक